यारीवर रश्मी

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात कालव्याच्या फाट्याच्या टोकापर्यंत पाणी पोचलंच नाही. लासुर्ण्याच्या पलीकडं कचरूची अडीच एकर जमीन होती, त्या फाट्याच्या अगदी शेवटाला. वरच्यांचं भिजून उरलं तर त्याच्या बांधाला ओल लागायची. एप्रिल निम्मा सरला तसा सव्वा एकरातला ऊस शेंड्याकडनं पिवळा पडायला लागला. सकाळी आठलाच पानांच्या सुरळ्या व्हायच्या. विहिरीत गुडघाभर पाणी होतं, तेही इंजिन अर्धा तास चाललं की संपायचं आणि पाइप नुसता चिखल ओढायचा.

शेजारच्या आप्पासाहेबांच्या विहिरीला पाणी होतं. एका दिवसाचं पाणी मागायला कचरू सकाळीच त्यांच्या वस्तीवर गेला. त्यांनी लिंबाखाली बसायला सांगितलं. कचरू बसला. आप्पासाहेब दोनदा बाहेर आले, बैलांकडं बघून पुन्हा आत गेले. ऊन कलल्यावर येऊन म्हणाले, मोटर जळलीय, नाहीतर दिलं असतं. कचरू उठला, लेंगा झटकला आणि बांधाबांधानं निघाला. निम्म्या वाटेवर त्याला मोटरीचा आवाज ऐकू आला. तो थांबला नाही, वळून बघितलंही नाही.

घरी येऊन त्यानं हातपाय धुतले आणि चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या मालनबाईला म्हणाला, "हीर खोल करायची. औंदाच."

त्यांची एकुलती लेक रश्मी दारात बसून तांदूळ निवडत होती. कचरूनं तिच्याकडं न बघता बायकोलाच सांगितलं, "तिला सांग, परीक्षा झाली न्हवं, आता गुरांचं समदं तिनं बघायचं."

रश्मीनं सुपातनं मान वर केली नाही. "त्यांना सांग, सकाळपास्नं मीच बघतीया."

दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. मालनबाईनं आधी इकडं तोंड करून आणि मग तिकडं तोंड करून दोन्ही निरोप पोचवले, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

हे नेहमीचंच झालं होतं. लहानपणी रश्मी बापाच्या खांद्यावरनं उतरत नसे. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या खांद्यावर बसून तिनं त्याचे केस धरलेले असायचे. तेव्हा ती त्याला 'आबा, तू' म्हणायची. तेराव्या वर्षी ती शहाणी झाली आणि कचरूनं हात आखडता घेतला. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आधी तो तिच्याशेजारी ताट घेऊन बसेनासा झाला, मग तिच्याकडं बघून बोलेनासा. मालनबाईला त्यात वावगं वाटलं नाही, तिचा बापही तिच्याशी असाच वागला होता. पण ते तिनं मुकाट सोसलं होतं. रश्मी सोसणाऱ्यातली नव्हती. नववीत तिची खो-खोच्या संघात निवड झाली, सामने बारामतीला होते. कचरूनं मालनबाईच्या तोंडून कळवलं, जायचं नाही. रश्मी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, पण तेव्हापासून बापाशी बोलणं तिनंही टाकलं. त्याला दीड वर्ष झालं. आता दहावीची परीक्षा देऊन ती बसली होती आणि आईच्या मागं लागली होती की अकरावीला सायन्स घेऊन बारामतीला मुलींच्या वसतिगृहात राहणार. मालनबाईनं ते पोचवलं तेव्हा कचरू म्हणाला, "तिला सांग, जवळच्या कॉलेजात आर्ट्स हाय. सायकल घिऊन जायाचं आन् सांजच्याला घरी यायाचं." तो निरोप मालनबाईनं पोचवला, आणि आठवडाभर रश्मीचं तोंड बघवेना.

भिगवणकडचा संभाजी यारी घेऊन आला. विहिरीच्या तोंडाशी त्यानं लोखंडी सांगाडा रोवला, त्याला लांब आडवा दांडा, दांड्यावरून खाली सोडलेला तारेचा दोर, दोराला दोन माणसं मावतील एवढं खोल बकेट, आणि मागं डिझेलचं इंजिन. सोबत दोन गडी होते. त्यांनी तळात सुरुंग लावून सहा-सात फूट खडक फोडला. मग तो फुटका दगड वर ओढायचं काम सुरू झालं. गडी आणि कचरू खाली भरायचे, संभाजी वर ओढायचा.

पाचव्या दिवशी संभाजीला उलट्या झाल्या. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. कावीळ. तो गावी गेला, आणि यारीवाला नाही म्हणून त्याचे गडी दुसऱ्या विहिरीवर गेले. जाताना संभाजी कचरूला सांगून गेला की यारी महिनाभर हितंच राहील, चालवणारा मिळाला तर चालवा, यंत्राची काळजी घ्या.

चालवणारा मिळाला नाही. कचरू दोन दिवस सायकलवर हिंडला. वालचंदनगरच्या बाजूला गेला, पार भिगवणपर्यंत गेला. त्या उन्हाळ्यात जो तो विहीर खोदत होता, रिकामा यारीवाला कुठून मिळणार? तिसऱ्या दिवशी दुपारी तो उसात गेला, एक पान हातात चुरगळून बघितलं आणि तसाच पान मुठीत घेऊन जेवायला आला.

त्याच्या ताटात भाजी वाढत असताना रश्मी आईला म्हणाली, "त्यांना सांग, यारी मी चालवते."

मालनबाईनं सांगायच्या आत कचरू बोलला. "तिला सांग, ह्यो काय खो-खोचा खेळ न्हाय. मानसं असत्यात बकेटात."

रश्मी उठून उभी राहिली. "त्यांना सांग, शेवटच्या दोन दिसात संभाजीमामाच्या डोळ्यांम्होरं अंधारी येत हुती. दुपारनंतरची दगडाची समदी बकेटं मीच वर घेतल्यात. मामा शेजारी बसून नुसतं सांगत हुते. खाली त्यांनी भरली, वर मी घेतली. एकबी हिंदकळलं असंल तर म्हनावं सांगा."

कचरूचा घास तोंडाशीच थांबला. त्यानं बायकोकडं बघितलं. "तुला म्हाईत हुतं?"

"हुतं," मालनबाई म्हणाली.

जेवण तसंच ठेवून त्यानं हात धुतला आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मालनबाई शेणाची पाटी घेऊन निघाली तेव्हा तो इंजिनात डिझेल ओतत होता.

खाली दगड भरायला दोन माणसं लागत होती. कचरूबरोबर मालनबाई जाणार असं ठरलं. वर आलेलं बकेट ओढून उलटं करायला तिची चुलत जाऊ सारजा आली. तिच्या शेतावर नंतर ह्या मायलेकी जाणार होत्या, असा तो पैरा.

माणूस सोडण्याआधी कचरूनं तारेचा दोर हातानं चाचपत तपासला, बकेटाच्या कड्या हलवून बघितल्या. मग दहा वेळा नुसते दगड खाली-वर करायला लावले. तेवढा वेळ तो रश्मीकडं पाठ करून, विहिरीत बघत उभा होता. रश्मीनं केसांवर टॉवेल घट्ट बांधला होता. एक हात क्लचच्या दांड्यावर, एक ब्रेकवर. इंजिनचं हँडल तिच्यानं एकटीनं फिरेना, तेव्हा सारजानं हात लावला. दहाव्या वेळी बकेट तळाला असं टेकलं की आवाजसुद्धा झाला नाही. कचरू बकेटात चढला.

मालनबाई जन्मात कधी बकेटात बसली नव्हती. कडी धरून तिनं डोळे मिटले. अंगावरचं ऊन गेलं, गार ओलसर हवा लागली, नाकात सुरुंगाच्या दारूचा वास भरला. डोळे उघडले तर ती तळात होती, आणि पन्नास फूट वर परातीएवढं आभाळ होतं. त्या आभाळाच्या कडेला टॉवेल बांधलेलं एक डोकं.

काम सुरू झालं. कचरू पहारीनं दगड सुटा करायचा, मोठा असला की घणानं फोडायचा. मालनबाई घमेलं भरून बकेटात टाकायची. बकेट भरलं की तो म्हणायचा, "तिला सांग, वर घे म्हनावं." मालनबाई मान वर करून ओरडायची. इंजिन हळू करून रश्मी कठड्यावर वाकायची, ऐकायची, मग दोर ताणायचा. बकेट वर जाताना त्यातनं कपच्या गळायच्या, तेवढा वेळ दोघं भिंतीला चिकटून उभी राहायची.

दहा वाजेपर्यंत मालनबाईचा घसा बसला. तोंडात दगडाची पूड. एका खेपेला बकेट निम्मं वर गेलं आणि झोका घेऊन भिंतीकडं जायला लागलं. कचरू म्हणाला, "थांबव म्हनावं, थांबव." मालनबाईनं थुंकी गिळून ओरडेपर्यंत बकेट भिंतीला घासलं आणि एक धोंडा खाली आला. कचरूच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. एक कपची उडून त्याच्या नडगीला लागली आणि रक्त आलं.

बकेट वर गेलं, रिकामं होऊन खाली आलं. त्यानं जखमेवर माती दाबली. दोघांनी बकेट पुन्हा भरलं. "सांग तिला," तो म्हणाला.

मालनबाई एका दगडावर बसली. पदरानं तोंड पुसलं. "मी न्हाय सांगत."

"काय?"

"मधी माझा घसा हाय म्हनून धोंडा पायावर पडतुया. उद्या डोस्क्यात पडंल. तुमीच सांगा."

"मालन, येळ जातुया."

"जाऊ द्या."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्याला तोंडावर नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ असेल. ती त्याच्याकडं बघत नव्हती, तळहातावरचे फोड बघत होती. कचरू उभा राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. वर इंजिन धकधक करत होतं.

शेवटी त्यानं मान वर केली. "ए, वर घे."

दोर हलला नाही. वरून आवाज आला, "कुनाला म्हनताय?"

मालनबाईला हसू आलं आणि भीतीही वाटली. कचरूच्या मानेची शीर ताठ झाली. त्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली, दोन्ही हात तोंडापाशी नेले.

"रश्मे, वर घे."

दोर ताणला आणि बकेट सरळ, न झोका घेता वर गेलं.

त्यानंतर त्याला बोलावंच लागलं. हळू घे. थांब. डावीकडं घे. सोड. आता हातभर वर घे. पहिल्या दिवशी ते शब्द त्याच्या तोंडातनं दगडासारखे पडत होते. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "रश्मे, प्यायचं पानी सोड," आणि घागर आली. तिसऱ्या दिवशी वरून तिनंच विचारलं, "आबा, कडी नीट बसली का?" तो म्हणाला, "बसली." मालनबाई घमेलं भरत राहिली. घसा बरा होत होता.

वर रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून बघायचे. पंजाबी ड्रेसवर बापाचा जुना सदरा चढवून यारीवर बसलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरगी. कुणी हसायचं, कुणी सारजाला विचारायचं, कुणाची गं ही? तिच्या तळहातांना घट्टे पडले, मनगट सुजलं. संध्याकाळी मालनबाई तिला हळद-तेल चोळायची तेव्हा ती दुखतंय म्हणत नसे. कचरू ओसरीवरनं ते बघायचा.

पाचव्या दिवशी दुपारी ते जेवायला वर आले होते. सूर्य डोक्यावर असला की तेवढाच वेळ विहिरीच्या तळापर्यंत ऊन जायचं. भाकरी खाऊन रश्मी उठली, कठड्याला धरून आत वाकून बघत राहिली, एका जागी, बराच वेळ.

त्याच वेळी छत्री घेऊन आप्पासाहेब आले. विहिरीचं कसं काय चाललंय बघायला ते दोन दिवसांआड यायचे. मोटरीचा विषय त्यांनी काढला नव्हता, कचरूनंही काढला नव्हता. "पानी लागंल असं वाटतंय," ते म्हणाले. कचरूनं मान हलवली आणि बकेटात चढला. मालनबाई त्याच्या मागं चढली. सारजानं बकेट विहिरीवर ढकललं. दोघं पन्नास फुटांच्या पोकळीवर लटकत होती.

"रश्मे, सोड."

बकेट खाली गेलं नाही.

"सोड म्हनतोय."

"न्हाय सोडनार," रश्मी म्हणाली. "काकी, बकेट कडंला घ्या."

सारजानं गोंधळून कचरूकडं बघितलं आणि बकेट ओढून काठाशी घेतलं. कचरू उतरला, मागनं मालनबाई उतरली. रश्मी ब्रेक आवळून बसली होती. तिनं मानेनं विहिरीकडं दाखवलं. "उगवतीच्या बाजूला, मुरूम संपून खडक लागतोय तितं कपार बाहीर आलीया. तिच्या मागं भेग हाय. मगा तिच्यातनं माती गळत हुती. तुमी रोज तिच्याच खाली काम करताय."

कचरू पोटावर झोपला आणि डोकं आत घालून बघितलं. तरुणपणी तो दहा वर्षं टोळीबरोबर विहिरी खोदत हिंडला होता. त्यानं निवांत बघितलं आणि उठून बसला. "जुनी भेग हाय. असल्या लै बघितल्यात. हालायची न्हाय ती."

"माती गळत हुती."

"वाऱ्यानं गळती. चल, ऊन उतरतंय."

"न्हाय."

आप्पासाहेब हसले. "कचरू, पोरगी भ्याली रं. आता काय पोरीच्या हुकमानं हीर खनतोस व्हय?"

कचरूचा चेहरा काळवंडला. तो सरळ यारीपाशी गेला आणि ब्रेकच्या दांड्यावर हात टाकला. खाली रश्मीचा हात होता. त्यानं जोर केला. तिनं सोडलं नाही. तिच्या हातावरचे घट्टे त्याच्या तळव्याला लागले असतील. कितीतरी दिवसांत त्याचा तिला एवढाही स्पर्श झाला नव्हता, हे मालनबाईला तिथं उभ्या उभ्या कळलं. आता तो पोरीला मारतोय असं तिला वाटलं. ती दोन पावलं पुढं झाली.

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं ते पुसलं नाही. "तुमी हितं बसा," ती म्हणाली. "मी जाते खाली, मी दगड भरते. पन मी हितं बसल्याली असताना तुमाला आन् आयेला त्या कपारीखाली सोडनार न्हाय. मारलं तरी न्हाय."

इंजिन चालूच होतं. कचरूनं हात तसाच ठेवला होता. मग त्यानं तो काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला.

"कचरू, जाऊ दे की, पोरीच्या जातीला..." आप्पासाहेब बोलायला लागले.

"यारीवर ती हाय, आप्पा," कचरू म्हणाला. आवाज चढवला नाही. "यारीवर जो असतो, त्याचं खालच्यानं ऐकायचं असतं. न्हाय ऐकायचं तर त्याला यारीवर बसवायचंच न्हाय."

आप्पासाहेबांनी छत्री एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली.

कचरूनं घरातनं जाड दोराचा सोल आणला, कमरेला बांधला आणि त्याचं टोक यारीच्या पायाला बांधलं. पहार घेऊन एकटाच बकेटात उभा राहिला. "कपारीच्या वर दोन हात थांबव," त्यानं सांगितलं. रश्मीनं बरोबर दोन हात वर थांबवलं. तिथं लटकत त्यानं भेगेत पहार घातली.

कपार हलेना. त्यानं वीस वेळा पहार मारली, तीस वेळा मारली. प्रत्येक घावाला बकेट भिंतीपासून मागं जायचं आणि रश्मी दोर इंचभर वर-खाली करून ते पुन्हा जागेवर आणायची. तासाभरानं आप्पासाहेब म्हणाले की हिला सुरुंगच लावायला पाहिजे होता, फुकट दिवस घालवला, आणि घरी गेले. कचरूचे घाव चुकायला लागले तसं रश्मीनं त्याला न विचारता वर घेतलं. तो पाणी प्याला, पुन्हा खाली गेला. दिवस कलला तेव्हा कपारीचा एक ढलपा सुटला, मग दुसरा. शेवटचा मोठा तुकडा गेला तेव्हा तळातनं असा आवाज आला की उसातल्या साळुंक्या उडाल्या.

तो वर आला आणि इंजिनच्या सावलीत बसला. पापण्यांवर, मिशीवर पांढरी पूड. रश्मीनं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. ती त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसली. मालनबाईनं दोघांना गुळाचा खडा दिला.

रश्मीनं विचारलं, "आबा, पडली असती का?"

"काय म्हाईत," तो म्हणाला. "लै घट हुती. कदाचित धा वर्सं नसती पडली." गूळ चघळत तो विहिरीकडं बघत राहिला. "पन उद्या मला सारखं वर बघाय लागनार न्हाय."

तो आधीपासूनच सारखा त्या कपारीकडं वर बघत होता, हे मालनबाईला तेव्हा समजलं. चार दिवस ती त्याच्या शेजारी दगड भरत होती आणि तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

नवव्या दिवशी पहार काढली त्या भोकातनं पाणी आलं. फार नव्हतं. मनगटाएवढी धार, गढूळ, मग नितळ. दोन दिवसांत कमरेएवढं पाणी झालं. सव्वा एकराला ते पुरेना. कचरूनं उसाच्या खालच्या पट्ट्याला पाणी दिलं, तो वाचला. वरचा निम्मा ऊस त्यानं आणि मालनबाईनं कापून गुरांना घातला. महिन्यानं संभाजी आला, अजून डोळ्यांत पिवळेपणा होता. त्यानं इंजिन चालू करून बघितलं, कान देऊन ऐकलं, आणि रश्मीला म्हणाला की पुढच्या उन्हाळ्यात काम हवं असेल तर कळव. कचरूनं परस्पर सांगितलं, तिला शिकायचं हाय. तेवढ्यावर रश्मीनं त्याच्याकडं वळून बघितलं.

जूनमध्ये निकाल लागला. रश्मीला एकाहत्तर टक्के मिळाले. मालनबाईनं साखर वाटली. संध्याकाळी ती गोठ्यात म्हशीची धार काढत असताना घरातनं आवाज यायला लागले.

बारामती लांब हाय, कचरू म्हणत होता. तासाभराची एसटी, रश्मी म्हणत होती. आजारी पडलीस तर कोन बघंल? तितं दवाखाना हाय, हितं कुठं हाय? वसतिगृहातल्या पोरी कशा असतील? माझ्यासारख्याच असतील. कचरूचा आवाज चढला की रश्मीचा चढायचा. त्यानं खो-खोच्या वेळचं काढलं, तिनं त्याच्या दुप्पट काढलं, दीड वर्षाचं सगळं साठवलेलं काढलं. तिला तेव्हा काय काय वाटलं होतं, ती बापाच्या तोंडावर सांगत होती. तो म्हणाला, मला वाटत हुतं तुलाच बोलायचं न्हाय. ती म्हणाली, आदी तुमी बंद केलं. मालनबाईचा हात सडावर थांबला. मग कचरूचा आवाज आला, पडलेला, "मला जमलं न्हाय गं. तू मोठी झालीस तसं कसं बोलायचं त्येच कळंना."

"आता बोलताय की," रश्मी म्हणाली.

"आता तू बोलू देतीस कुठं?"

आणि दोघांचं पुन्हा सायन्सवरनं सुरू झालं. मालनबाई आत गेली नाही. चरवी भरली होती तरी तिथंच बसून राहिली. म्हशीनं मागं वळून बघितलं.

जेवतानाही ते भांडले. सकाळी मालनबाई उठली तर रश्मी वेणी घालून, गुणपत्रिका पिशवीत घालून तयार होती, आणि कचरू धुतलेला सदरा घालून दारात उभा होता.

"मी एकटी जाते की," रश्मी म्हणाली.

"मी येनार."

"या मंग. पन तितं बोलनार मी."

"आन् मी काय करू?"

"तुमी सही करायची."

"सही मी वाचून करनार."

"वाचा की. कोन न्हाय म्हनतंय."

"समदं पान वाचनार. वसतिगृहाचं नियमबी वाचनार."

"एसटी चुकंल, चला."

दोघं निघाली. पांदीच्या वाटेनं जाताना तो काहीतरी विचारत होता आणि ती पुढं चालता चालता मान वळवून उत्तर देत होती. फाट्याच्या पुलापर्यंत त्यांचे आवाज येत राहिले, नंतर उसाच्या आड गेले. मालनबाई चहाचे कप हातात घेऊन दारात उभी होती. जाताना दोघांपैकी कुणीच तिच्याजवळ निरोप ठेवला नव्हता.